‘किती वाजता पोहोचताय?’ असं विचारणाऱ्या घरांना खुलं पत्र

प्रिय आई-बाबा, काका-काकू, मामा-मामी, आत्या, आजी-आजोबा आणि लांबून येणाऱ्या आपल्या माणसांची वाट पाहणारे सगळेजण,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र गाडी चालवणाऱ्यांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. चालवणाऱ्यांना सूचनांची कमतरता नसते. वेग आवरा, सीटबेल्ट लावा, झोप आली तर थांबा, हे त्यांना फलकांवरून, जाहिरातींतून, शाळेपासून सांगितलं जातं. ज्या घराकडे ते निघालेले असतात, त्या घराला मात्र कोणी काही सांगत नाही. लांबच्या प्रवासातली घाई बरीचशी घरीच ठरते, गाडी सुरू होण्याच्याही आधी, फोनवर विचारलेल्या एका प्रेमळ प्रश्नाने, असं माझं ठाम मत आहे.

मी या प्रवासाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. स्टिअरिंगवर बसून गावामागून गावं मागे टाकली आहेत आणि दारात उभी राहून वळणावरच्या प्रत्येक दिव्याकडे पाहिलंही आहे. वाट पाहणाऱ्याच्या पोटात काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून हे पत्र रागाचं नाही. मागणी एकच आहे: येणाऱ्याकडून पोहोचण्याची वेळ मागू नका. दिवस विचारा, तास विचारू नका.

ही मागणी छोटी वाटेल. पण दिलेल्या वेळेचं गाडीत काय होतं ते पाहा. ‘सातपर्यंत येतो’ असं कोणीतरी सांगतं, आणि त्या क्षणापासून सात हा आकडा गाडीत येऊन बसतो. लेक म्हणते, ‘मला जायचंय’, तर उत्तर मिळतं, ‘थोडं पुढे थांबू’. आजोबांचे पाय आखडलेले असतात, पण ते बोलत नाहीत, कारण आपल्यामुळे उशीर नको. पुढे ट्रॅक्टर हळूहळू चाललेला असतो आणि एरवी जो माणूस मोकळा रस्ता दिसेपर्यंत शांतपणे मागे राहिला असता, तो समोरचं वळण नीट न दिसताच गाडी बाहेर काढतो. कोणीही त्याला घाई कर असं म्हटलेलं नसतं. तुम्ही तर मुळीच नाही. तुम्ही फक्त ताटं घेऊन थांबला आहात, एवढंच त्याला माहीत असतं, आणि तेवढं पुरतं.

त्यात ती वेळ मुळातच चुकीची असते. फोनमधला नकाशा जो हिशेब सांगतो तो गाडी चालत राहण्याचा हिशेब असतो. इंधन भरणं, स्वच्छतागृह शोधणं, उलटी झालेल्या मुलाचे कपडे बदलणं, बंद रेल्वे फाटक, रस्ता ओलांडणारा मेंढ्यांचा कळप, सुगीच्या दिवसांत शेतातून रस्त्यावर आलेला चिखल, यातलं काहीच त्यात नसतं. घरातून निघायलाच अर्धा-पाऊण तास उशीर होतो, हेही नसतं. म्हणजे येणारा माणूस पहिला किलोमीटर संपायच्या आत तुमच्या दृष्टीने मागे पडलेला असतो. उरलेला दिवस तो ते भरून काढण्यात घालवतो.

आणि भरून निघतं तरी किती? ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलं आहे. वेग वाढवल्याने किती वेळ वाचेल याचा माणसाचा अंदाज पद्धतशीरपणे चुकतो, असं त्याने दाखवलं. मुळात वेग जास्त असताना तो आणखी वाढवला, तर खूप वेळ वाचेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात फार थोडा वाचतो. हिशेब कागदावर करून पाहा. १०० किलोमीटरचं अंतर ताशी ३० च्या वेगाने कापायला २०० मिनिटं लागतात, ४० ने १५० मिनिटं. पन्नास मिनिटं वाचली. तेच अंतर ९० ऐवजी १०० ने कापलं तर वाचतात सहा मिनिटं चाळीस सेकंद. ४०० किलोमीटरच्या अख्ख्या प्रवासात, एकदाही न थांबता, सत्तावीस मिनिटंसुद्धा पुरती वाचत नाहीत. आणि त्या बदल्यात, ९० वरून १०० वर जाताना, धडक झालीच तर तिची ऊर्जा सुमारे २३ टक्क्यांनी वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सत्तावीस मिनिटं उशिरा आलेला मुलगा तुम्हाला चालणार नाही का? चालेल, हे मला माहीत आहे. मग त्याला ते आधी, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. त्याने ते गृहीत धरावं अशी अपेक्षा ठेवू नका, कारण तो गृहीत धरत नाही.

वेगापेक्षाही मला भीती वाटते ती झोपेची.

सुट्टी लागते त्या दिवशी काय होतं? माणूस सकाळी सहाला उठतो, दिवसभर काम करतो, घरी येऊन सामान भरतो, मुलांना गाडीत बसवतो आणि रात्री आठला निघतो. हेतू चांगला असतो: रस्ता रिकामा मिळेल, मुलं झोपतील, सकाळी सगळ्यांबरोबर चहाला असू. रात्री अकरा वाजता हा माणूस सलग सतरा तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातल्या ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक छोटा, पण फार महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. अनेक देशांत गाडी चालवण्यासाठी हीच कायद्याची कमाल मर्यादा आहे. चोवीस तास जागं राहिलं, तर ती घसरण ०.१० टक्क्यांच्या बरोबरीची होते. आपल्या घरातला कोणी दारू पिऊन मुलाबाळांना घेऊन निघाला असता तर तुम्ही त्याला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. दिवसभर राबून रात्री निघालेल्याला मात्र आपण ‘किती कष्टाळू’ म्हणतो.

झोप हळूहळू येते आणि आपल्याला कळते, असाही एक समज आहे. पेंग कळते, हे खरं. पण त्या पेंगेतून होणारी क्षणाची डुलकी कधी लागली ते कळत नाही. ८० च्या वेगात डोळे चार सेकंद मिटले तर गाडी जवळजवळ ९० मीटर जाते, आणि ते ९० मीटर ती कोणीही चालवत नसतं. ब्रेकच्या खुणाही बऱ्याचदा रस्त्यावर उमटत नाहीत, कारण ब्रेक मारायला कोणी जागं नसतं. शरीराच्या घड्याळात दिवसाचे दोन काळ असे असतात की तेव्हा झोप हमखास दाटते: पहाटेचे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार. पहिला काळ सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा कोणी मोजत नाही, कारण बाहेर लख्ख ऊन असतं.

काचा खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं हे उपाय आपण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांगत आलो आहोत. ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठातले जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी झोपाळलेल्या चालकांना सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर, बसवून हे तपासलं. गार वारा आणि रेडिओ यांचा उपयोग अगदी थोडा आणि थोड्याच वेळापुरता होतो. खरा उपयोग होतो तो सुरक्षित जागी गाडी थांबवून घेतलेल्या पंधरा मिनिटांच्या डुलकीचा आणि कॉफीचा. दोन्ही एकत्र केलं तर अधिक चांगलं: आधी कॉफी प्यायची, लगेच आडवं व्हायचं, कारण कॉफीचा असर चढायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात. आणि हे सगळं झालं तरी रात्रीच्या झोपेला पर्याय मिळत नाही, थोडी सवड मिळते एवढंच.

आता कल्पना करा, तुमचा जावई रस्त्याकडेला अशी पंधरा मिनिटं पडला आहे आणि फोन वाजतो: ‘अजून तिथेच?’

हा फोन करू नका. तो करायचा मोह किती अनावर असतो हे मी जाणते, तरीही सांगते. १९९७ मध्येच टोरंटोतल्या डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिब्शिरानी यांनी अपघातात सापडलेल्या चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होता, आणि हात मोकळे ठेवणारी उपकरणं वापरणाऱ्यांना त्यातून काही सूट मिळालेली दिसली नाही. अडचण हातांची नसून लक्ष दुसरीकडे जाण्याची आहे. शेजारच्या सीटवर बसलेली बायको समोर अचानक ट्रक आला की बोलता बोलता गप्प होते, ‘अरे बघ’ म्हणून सावधही करते. फोनच्या पलीकडे असलेल्या तुम्हाला तो ट्रक दिसत नाही. तुम्ही विचारत राहता की धाकट्याचं सर्दी-पडसं बरं झालं का, आणि तो उत्तर देत राहतो, कारण आईला ‘नंतर बोलतो’ म्हणणं जिवावर येतं.

यावर उपाय अवघड नाही. निघायच्या आधीच ठरवा की चालवणाऱ्याचा फोन कोणीही लावायचा नाही. निरोप शेजारी बसलेल्याच्या फोनवर द्यायचा, आणि चालवणारा एकटाच येत असेल तर त्याने थांबल्यावर आपणहून कळवायचं. गाडीतल्या कोणाच्या तरी फोनवरून लाइव्ह लोकेशन चालू ठेवता येतं. मग तुम्हाला दर अर्ध्या तासाला विचारावं लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. आडबाजूच्या रस्त्यांवर नेटवर्क जातं, नकाशावरचा ठिपका एकाच जागी तासभर गोठतो. ठिपका हलला नाही म्हणजे गाडी हलली नाही असं नसतं. मी स्वतः अशा गोठलेल्या ठिपक्यासमोर बसून देव पाण्यात घातले आहेत, त्यामुळे हा तास किती लांब असतो ते मला सांगू नका. तरीही तेव्हा चालवणाऱ्याला फोन लावायचा नाही.

व्यावसायिक चालकांसाठी बहुतेक ठिकाणी कायदा असतो. युरोपीय संघाचा २००६ चा नियम सांगतो की साडेचार तास चालवल्यावर किमान ४५ मिनिटांची विश्रांती घ्यायचीच, आणि दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही. आठवड्यातून दोनदा दहा तास चालतील. भारताचा १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा, २०२५ मध्ये नवी कामगार संहिता त्याच्या जागी येईपर्यंत, दिवसाला आठ तासांची मर्यादा घालत होता आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी सांगत होता. ही माणसं रोज चालवणारी, सरावलेली. आणि तुमची लेक, जी वर्षातून एखाददुसऱ्या वेळी एवढं लांब चालवते, तिच्यावर असा कोणताही नियम नाही. ती बारा तास सलग चालवून आली तर आपण शेजाऱ्यांना कौतुकाने सांगतो. हे कौतुक बंद करा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. ‘एका दमात आला’ यात मिरवण्यासारखं काही नाही. ‘वाटेत मुक्काम करून आला’ हे कौतुकाने सांगा. घरात काय कौतुकाचं ठरतं त्यावर पुढच्या वेळी तो कसा येईल हे ठरतं.

थांबणं फक्त चालवणाऱ्यासाठी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मोठ्या अभ्यासाने २००७ मध्ये सांगितलं की चार तासांहून अधिक वेळ जागचं न हलता प्रवास केला तर शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, मग प्रवास विमानाचा असो, बसचा असो की मोटारीचा. एकंदर धोका कमी असला तरी म्हाताऱ्या माणसांना, नुकतंच ऑपरेशन झालेल्यांना, गरोदर बाईला तो लागू होतो, आणि मागच्या सीटवर अवघडून बसलेली माणसं नेमकी हीच असतात. मुलांचं वेगळं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या वयात गाडी सगळ्यात जास्त लागते. खिडकीतून दूरवर पाहत राहिलं तर ती कमी लागते, हातातल्या पडद्याकडे पाहिलं तर वाढते.

खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या रस्त्यांबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ‘इकडचा रस्ता शांत आहे, काळजी नको’ असं आपण फार सहज म्हणतो. युरोपीय संघात रस्त्यांवर होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक ग्रामीण रस्त्यांवर होतात. द्रुतगती महामार्गांचा वाटा दहातला एकसुद्धा नाही. कारणं समजण्यासारखी आहेत. मधे दुभाजक नाही, त्यामुळे समोरचा आणि आपण यांच्यात एक पांढरी रेघ, तीही कधी कधी पुसलेली. कडेला झाड, पूल, खोल चारी. वेग मात्र महामार्गाच्या जवळपासचा. मदत यायला उशीर लागतो. जगभरात २०२१ मध्ये सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यांवर गेली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण हेच आहे. म्हणजे तुमची नातवंडं, आणि त्यांचे तरुण आई-बाप.

रात्री हाच रस्ता आणखी वेगळा होतो. कोरड्या रस्त्यावर ८० च्या वेगातली गाडी, चालकाला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरून, साधारण ७० मीटरमध्ये थांबते. आणि दिव्यांच्या खालच्या झोतात, गडद कपडे घातलेला माणूस बऱ्याचदा ५० मीटरच्या आतच दिसतो. बिनदिव्याची ट्रॉली, रस्त्यावर बसलेलं जनावर यांचंही तेच. चालवणारे बाबा साठीचे असतील तर त्यांच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, आणि समोरच्या दिव्याने दिपलेले डोळे सावरायला वेळही जास्त लागतो. त्यांना वाटतं, दिवे कमी झालेत, काच मळली आहे. म्हणून अंधार पडायच्या आत जिथे असाल तिथे मुक्काम करा, असं घरातून कोणीतरी आधी म्हटलेलं असावं लागतं. चालवणाऱ्याने स्वतःहून तसं ठरवलं तर त्याला वाटतं, आपण घरच्यांचा हिरमोड केला.

आणि थांबत थांबत आलेल्या माणसांना काय मिळतं, तेही तुम्हाला कळायला हवं, कारण ती फक्त सुरक्षित पोहोचत नाहीत, जरा वेगळी होऊन पोहोचतात. गाडीत एकमेकांच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. दोघांची नजर रस्त्यावर असते, म्हणून घरात वर्षभर न निघालेले विषय तिथे निघतात. सोळा वर्षांचा मुलगा बापाशी बोलतो. सासू सुनेला स्वतःच्या माहेरच्या गोष्टी सांगते. मैलोन्‌मैल नुसती शेतं, मधूनच तळं, तारांवर बसलेले पक्षी, पुलाखालून जाणारी उथळ नदी. कोणी म्हणतं, ‘थांबू या का इथे?’, आणि घड्याळ नसेल तर सगळे थांबतात. माझ्या आठवणीतले माझे वडील घरातले कमी आणि अशा पुलावरचे जास्त आहेत. तुमच्याकडे येण्याच्या निमित्ताने हा वेळ त्यांना मिळतो. तुम्ही तास मागता तेव्हा पहिली कात्री यालाच लागते.

पोहोचल्यानंतरचं थोडक्यात सांगते. दारात पहिलं वाक्य ‘किती उशीर!’ हे नसावं. प्रेमानेच म्हणता, पण चालवणाऱ्याला ते हिशेबासारखं लागतं. त्याला आधी आडवं होऊ द्या. त्याच संध्याकाळी ‘जरा आत्याकडे जाऊन येऊ, जवळच आहे’ म्हणून पुन्हा किल्ली हातात देऊ नका.

जास्त बोलायला हवं ते निरोपाबद्दल. परतीचा प्रवास आपण, घरची माणसं, आपल्या हातांनी धोक्याचा करतो. जायच्या आदल्या रात्री गप्पा दोन-दोन वाजेपर्यंत चालतात, कारण पुन्हा कधी भेटणार. सकाळी सातला निघायचं ठरलेलं असतं, तर आई म्हणते जेवूनच जा. जेवण झालं की कोणीतरी भेटायला येतं. मग सामान. मग फोटो. मग फाटकाशी अर्धा तास. गाडी हलते तेव्हा तीन वाजलेले असतात, पोट भरलेलं असतं, रात्रीची झोप अपुरी असते, आणि निम्मा रस्ता अंधारात कापायचा असतो. यातली एकेक गोष्ट मायेची आहे, म्हणून कोणी कोणाला अडवत नाही. अडवायचं तर ते तुम्हालाच करावं लागेल. आदल्या रात्री दहा वाजता चालवणाऱ्याला झोपायला पाठवा आणि बाकीच्यांनी गप्पा मारा. निरोप आदल्या संध्याकाळीच घ्या. सकाळी फक्त गाडी. आणि निघायला उशीर झालाच, तर ‘आता उद्या सकाळी जा’ असं म्हणायची हिंमत दाखवा, त्याच्या ऑफिसने काहीही म्हटलं तरी.

डिकीचंही बोलते, कारण ती तुम्हीच भरता. धान्याची, फळांची पोती, बरण्या, काय काय. जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला, सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. मागच्या काचेपाशी सुटी वस्तू एकही नको. जोराचा ब्रेक लागला की ती पुढे बसलेल्याच्या डोक्यावर येते. गाडी सामानाने भरलेली असली की टायरमध्ये हवा वेगळी लागते, तो आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. आणखी एक: मागे वजन आलं की गाडीचं नाक वर उचललं जातं आणि दिव्यांचे झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातात. बऱ्याच गाड्यांत झोत खाली घेण्याचं बटण असतं, पण ते कोणी वापरत नाही. तुम्ही आठवण करा. आणि मागच्या सीटवरच्यांनी सीटबेल्ट लावलाय का, हे फाटकातच पाहून घ्या. न बांधलेला मागचा माणूस धडकेत पुढच्यावर आदळतो.

आता ज्यासाठी हे पत्र खरं म्हणजे लिहायला घेतलं, तिकडे येते.

काही प्रवास सुट्टीचे नसतात. रात्री फोन येतो की बाबांना दवाखान्यात हलवलंय, किंवा आजी गेली. ज्याला फोन येतो तो दहा मिनिटांत किल्ली घेऊन बाहेर पडतो. दिवसभराचा थकलेला, रडत असलेला, काही न खाल्लेला, बऱ्याचदा एकटा. रात्रीचा, अंधाऱ्या रस्त्यांचा, सहा-आठ तासांचा प्रवास तो अशा अवस्थेत सुरू करतो. आतापर्यंत सांगितलेलं सगळं, घाई, जागरण, अंधार, फोन, या एका प्रवासात एकत्र येतं. आणि वाटेत त्याला फोनवर फोन येत राहतात: ‘कुठे पोहोचलास? सगळे थांबलेत.’

या वेळी तुम्ही काय बोलता यावर फार काही अवलंबून असतं. म्हणून ते शांत दिवशी ठरवून ठेवा, घरात आनंदीआनंद असतानाच.

फोन कोण करणार ते ठरवा. जो रडणार नाही, ज्याचा आवाज स्थिर राहील, असा एखादा काका किंवा भाऊ. त्याने बातमी सांगण्याआधी विचारावं, ‘तू कुठे आहेस? गाडी चालवतोयस का? जवळ कोण आहे?’ चालवत असेल तर काहीही न सांगता गाडी बाजूला घ्यायला लावावी. तो घरी एकटा असेल, तर बातमी त्याला देण्याआधी त्याच्या शेजाऱ्याला किंवा मित्राला त्याच्याकडे पाठवता येईल का ते पाहावं. आणि मग हे वाक्य, स्पष्टपणे: ‘तू येईपर्यंत आम्ही थांबतो. रात्री निघू नकोस. सकाळी कोणालातरी सोबत घेऊन नीघ, आणि गाडी तू चालवू नकोस.’ बस, रेल्वे, भाड्याची गाडी, मित्र, जे मिळेल ते. आजारपण असेल आणि खरोखरच वेळ कमी असेल, तर तेही त्याला खरं सांगा, पण चालक दुसरा असल्याशिवाय निघू देऊ नका. थांबायचं म्हटलं तर खरोखर थांबा. मधेच ‘किती वेळ अजून?’ नको. गेलेलं माणूस आणखी काही तास वाट पाहू शकतं. त्यासाठी कोणाशी बोलावं लागेल, काय सोय करावी लागेल, हेही आधी विचारून ठेवता येतं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे स्वतःच, जिवंतपणी, सांगून ठेवलं तर सगळ्यांचं ओझं हलकं होईल: ‘माझ्यासाठी कोणीही रात्री गाडी पळवत यायचं नाही.’ माझ्या आईला मी हे म्हणायला लावलं आहे. तिने भावंडांसमोर म्हटलं, आणि आम्हा सगळ्यांनी ऐकलं.

येत्या सुट्टीत तुमच्याकडे सगळे जमतील तेव्हा जेवण झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि हे बोला. फोन कोणाचा जाईल, कोणाकडे जाईल, गाडी कोण चालवेल, आणि कोण कोणासाठी किती थांबेल.

तुमची,
गाडी चालवत येणारी एक लेक